कुंपणाबाहेरचे प्रेक्षक

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत लाइमस्टोनचा हवाई तळ. अवाढव्य बी-३६ बॉम्बर, गुडघाभर बर्फ आणि लांबच लांब रात्री. माणसं इथे टिकवायची कशी, ही अधिकाऱ्यांची डोकेदुखी. १९५३-५४च्या हिवाळ्यात तिथे कमी ताकदीचं एक टीव्ही केंद्र उभारून पाहिलं. प्रयोग जमला. १९५४ मध्ये सैन्याच्या रेडिओ सेवेच्या नावात ‘टेलिव्हिजन’ जोडलं गेलं, आणि अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर परदेशातलं केंद्रही सुरू झालं.

उपग्रह तेव्हा नव्हतेच. टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावायचा, चालू कार्यक्रम फिल्मवर उतरवायचा, जाहिराती कापायच्या आणि डबे विमानात चढवायचे. एका तळावर दाखवून झालं की डबे पुढच्या तळाकडे. शिळं का होईना, घरचं ते घरचं!

खरा धक्का आइसलँडमध्ये बसला. १९५५ मध्ये केफ्लाविक तळावरून प्रक्षेपण सुरू झालं, अर्थात अमेरिकन जवानांसाठी. पण लहरी कुंपण मानतात थोड्याच? देशाला स्वतःचा टीव्ही नव्हता. राजधानी रेक्याविकमध्ये लोकांनी संच विकत घेतले, छपरांवर अँटेना चढवले आणि परक्या सैन्याची करमणूक घरबसल्या पाहू लागले. न मोजलेला, न बोलावलेला प्रेक्षकवर्ग!

१९६४ मध्ये ६० मान्यवरांनी संसदेकडे अर्ज केला: हे प्रक्षेपण तळापुरतंच ठेवा. जेमतेम दोन लाखांचा देश; भाषेची धास्ती वाटणारच. पण फुकटचा सिनेमा सोडायला कोण तयार होतं? मला दोन्ही बाजू पटतात. १९६६ मध्ये देशाने स्वतःचा टीव्ही सुरू केला, तोही आठवड्यातून मोजकेच दिवस. गुरुवारी तर कित्येक वर्षं सुट्टी! तळाचं प्रक्षेपण पुढे केबलवर गेलं आणि बाहेरच्यांचे पडदे कोरे झाले.

उपग्रहाने हाच प्रश्न जगभर नेला. आता सिग्नल अख्ख्या खंडावर पडतो, म्हणून तो कुलूपबंद पाठवतात आणि पात्र कुटुंबालाच डीकोडर मिळतो. कारण रोकडं आहे. वाहिन्या आणि निर्माते सैन्याला कार्यक्रम फुकट किंवा नाममात्र दरात देतात. तेच जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या शेजाऱ्यांनीही पाहिले, तर तिथल्या वाहिन्यांना ते विकायचे कसे? जाहिरातींच्या जागी मात्र आजही मतदानाची आठवण आणि गुपितं सांभाळण्याच्या सूचनाच लागतात.