पडद्यावरची शिर्डी, तेलुगू लिपीतली मराठी

साईबाबांचा वावर फार लांबचा नव्हता. रुई, नीमगाव आणि राहाता, एवढंच त्यांचं शिवार, असं साईसच्चरित सांगतं. राहात्याहून झेंडू, जाई-जुईची रोपं आणून त्यांनी शिर्डीत बाग फुलवली. राहाता तालुक्यातली तीच शिर्डी आज साईबाबा संस्थानच्या संकेतस्थळावर थेट दिसते, हैदराबादेतही आणि न्यू जर्सीतही. मार्च 2020 मध्ये देऊळ बंद झालं, तेव्हा पाच-सहा किलोमीटरवरच्या राहातेकरालाही दर्शन घ्यायचं ते फोनवरच.

आभासी जगात सहसा येणाऱ्याच्या सोयीने जग बदलतं. 2021 मध्ये भारतासाठी आलेल्या बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये रक्त हिरवं दाखवलं गेलं. शिर्डीत उलटं घडलं. साईभक्त कृष्णराव जोगेश्वर भीष्मांनी पंढरपूरच्या धर्तीवर आरत्या एकत्र केल्या. त्यात तुकोबा, नामदेव, जनाबाई आहेत, थोडं संस्कृत आणि हिंदीही आहे. पण काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत मुख्य भाषा मराठी, आणि ती तशीच राहिली. बदलली ती लिपी. तेलुगू भाविक आपल्या अक्षरांत छापलेली मराठी आरती तोंडपाठ म्हणतात.

ही अक्षरांची ओढाताण जवळून पाहण्यासारखी आहे. तेलुगूत ळ आहे, म्हणून तो शाबूत राहतो. तमिळमध्येही ळ आहे, पण क आणि ग, त आणि द, प आणि ब यांना एकेकच अक्षर. मग स्तोत्रांच्या पुस्तकांत अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे घालून उच्चार दाखवतात. साध्या रोमन लिपीत ल आणि ळ एक होतात, आणि परदेशात वाढलेली आपली मराठी मुलंही बरेचदा तीच लिपी वाचतात.

लिपीसारखंच घड्याळाचंही. शिर्डीत दुपारी बाराची आरती चालू असते, तेव्हा न्यू यॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. तिथल्या साईमंदिरात आरती होते ती तिथल्या दुपारी.

शब्द मराठीच ठेवले, हे मला फार मोलाचं वाटतं. पण पाठ असलेल्या ओळीचा अर्थ कळणं हा म्हणणाऱ्याचा हक्क आहे. थेट दर्शनात आरतीच्या ओळीखाली तेलुगू, तमिळ, कन्नडमधला अर्थ हवा आणि शेजारी कवीचं नाव हवं. आपण रोज म्हणतो तो अभंग देहूच्या तुकोबांचा आहे, हे अनंतपूरच्या मुलीलाही कळलं पाहिजे.