ड्रुइड आहे, पण धर्म नाही: मग रकाना कुठला?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'ड्रुइड परंपरा हा ब्रिटनमधील एक पुनरुज्जीवित धर्म आहे.' गाईडनी त्यातल्या 'धर्म' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'कोण म्हणतं?' मला वाटलं, संदर्भ राहिलाय. म्हणून संदर्भ जोडला. पुढच्या वेळी तोच गोल, तोच प्रश्न.

तो गोल काय विचारत होता हे कळायला मला आठ महिने आणि हेझलच्या काड्यांचा एक डबा लागला. तुम्ही आत्ता विषय ठरवत असाल तर तुमचे आठ महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्राचीन ड्रुइडांनी स्वतः लिहिलेलं काहीही आपल्याकडे नाही. सीझर सांगतो की त्यांचे शिष्य वीस-वीस वर्षं शिकत आणि विद्या लिहून ठेवायची नाही असा त्यांचा दंडक होता. पहिल्या शतकातला थोरला प्लिनी ते प्रसिद्ध दृश्य रंगवतो: पांढरी वस्त्रं घातलेला पुजारी ओकवर चढतो, सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापतो, खाली पांढऱ्या कापडात ती झेलतात. मिसलटो म्हणजे आपल्या बांडगुळाच्या नात्यातली वनस्पती. (मराठीत ही शिवी आहे, तिकडे ख्रिसमसला दारावर टांगतात.) पण सोनं मऊ, त्याने फांदी काय कापली जाणार? शिवाय मिसलटो ओकवर क्वचितच उगवते, सफरचंदावर मात्र भरपूर.

पुढचं सगळं बरंच अलीकडचं. १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर इओलो मॉर्गानुग या वेल्श गवंड्याने एक सोहळा घडवला आणि तो अतिप्राचीन असल्याचं सांगितलं. त्याने पुढे केलेली बरीचशी 'जुनी हस्तलिखितं' त्याचीच रचना होती, हे नंतर सिद्ध झालं. १९६३ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या सक्तीला विरोध म्हणून 'आम्ही ड्रुइड' असं जाहीर केलं. गंमत म्हणून सुरू झालं, सक्ती उठली, तरी गट राहिला! १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये रॉस निकोल्स यांनी बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड असे टप्पे असलेली संघटना काढली. त्यात ओव्हेटचा टप्पा झाडं, वनौषधी आणि उपचार यांच्याशी जोडलेला असतो. अमुक देव मानलाच पाहिजे अशी अट तिथे नाही.

आता माझी चूक. नमुना निवडताना मी जनगणनेपासून सुरुवात केली. इंग्लंड-वेल्सच्या २०११च्या जनगणनेत ४,१८९ जणांनी स्वतःला ड्रुइड लिहिलं. २०१०मध्ये तिथल्या चॅरिटी कमिशनने 'ड्रुइड नेटवर्क'ला धर्मप्रसारासाठीची धर्मादाय संस्था म्हणून मान्यता दिली होती. म्हणजे सरकारी दोन्ही कागद 'धर्म' म्हणत होते. मी खूश.

मग एका कार्यशाळेत एक निवृत्त नर्सबाई भेटल्या. गेली कित्येक वर्षं त्या ऋतुबदलाचे विधी करतात, विधीला लागणारी प्रत्येक वस्तू हाताने बनवतात, घरी औषधी वनस्पतींच्या बरण्या ओळीने लावलेल्या. जनगणनेत काय लिहिलंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "धर्म नाही, असं. रकाना धर्माचा होता ना!"

माझी सगळी मोजणी तिथेच बसली. प्रश्नच 'तुमचा धर्म कोणता' असा असेल तर धर्म न मानणारा ड्रुइड त्या आकड्यात येणार कुठून? मी समूहाची व्याख्या केली नव्हती, रकान्याची केली होती.

त्या दिवशी बाई ओगमच्या काड्या करत होत्या. ओगम ही वीस मूळ अक्षरांची रेघांची लिपी. तिचे शिलालेख मुख्यतः आयर्लंडमध्ये आणि ब्रिटनच्या पश्चिम भागात सापडतात. प्रत्येक अक्षराला एकेक झाड जोडतात, पण सगळ्याच अक्षरांची मूळ नावं झाडांची नाहीत, आणि त्यावर बेतलेलं झाडांचं कॅलेंडर तर रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८च्या पुस्तकातलं. मी विचारलं, "या काडीचा अर्थ काय?" बाईंनी पुस्तकातलं उत्तर दिलं, तेही कंटाळून. वहीत दोन ओळी.

नंतर सहज विचारलं, "ही तडकली कशी नाही?" आणि बाई सुटल्या. ओलं लाकूड टोकांकडून आधी वाळतं, म्हणून चिरतं. टोकांना मेण लावायचं आणि सावलीत ठेवायचं. वादळानंतर पडलेलीच फांदी त्या घेतात. का, तर नर्सिंग सुटल्यावर हातांना काम हवं होतं, आणि फांदी शोधायला रोज त्याच रानात जावं लागतं. नवरा गेला त्या हिवाळ्यात त्यांनी वीसच्या वीस काड्या पुन्हा कोरल्या. प्रार्थना करता येत नव्हती, म्हणाल्या. वहीत अकरा पानं.

म्हणून मुलाखतीत 'अर्थ काय' आधी विचारू नका. 'कसं केलंत' विचारा.

वनौषधींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. श्रद्धावान ड्रुइड मेडोस्वीटबद्दल बोलताना प्राचीनतेचा दाखला देतात. बाई अ‍ॅस्पिरिनचा देतात: या वनस्पतीत सॅलिसिलेट्स आहेत, आणि १८९९मध्ये ठेवलेल्या अ‍ॅस्पिरिन या नावातला 'स्पिर' तिच्याच जुन्या शास्त्रीय नावातून, स्पायरियातून आला. माहिती खरी आहे. पण वाक्य काम तेच करतंय: माझ्या काढ्याला अधिकार कुठून आला ते सांगतंय. एकाचा दाखला खोटा नि दुसऱ्याचा खरा ठरवण्यात मी एक अख्खं प्रकरण वाया घालवणार होतो. प्लिनी आणि रसायनशास्त्र, दोन्ही माझ्यासाठी सामग्री आहेत.

अर्थात याला मर्यादा आहे. फुलं येण्याआधी कॉम्फ्री आणि फॉक्सग्लव्ह यांची पानं सारखी दिसतात, आणि फॉक्सग्लव्ह हृदयावर परिणाम करणारं विष आहे. एथिक्स कमिटीने मला थेट विचारलं, 'तुम्ही काढा पिणार का?' मी सहभागी निरीक्षणावर लांबलचक उत्तर लिहिलं. परत आलं. शेवटी लिहिलं: पिणार नाही, आणि प्रबंधात कुठल्याही काढ्याचं प्रमाण छापणार नाही. मंजूर. (बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. त्या स्वतः प्रत्येक बरणीवर शास्त्रीय नाव आणि तारीख लिहितात, वॉर्डातली सवय.)

आता सिनॉप्सिसमध्ये 'धर्म' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे, आणि पुढे तो कोण, कुठल्या कागदावर वापरतं याची यादी. नमुना कार्यशाळांमधून घेतोय. त्यात एक अडचण राहतेच: घरी एकट्याने काड्या कोरणारे मला अजूनही सापडत नाहीत. गाईडनी यावेळी त्या वाक्याखाली रेघ मारलीय आणि लिहिलंय, 'मग शोधा.'