सगोत्र भाषा, उसने शब्द आणि सरबताचा पेला

फिनिश व हंगेरियन या आज परस्परांना न कळणाऱ्या भाषा ‘उरालिक’ या एकाच कुळातील, म्हणजे समान पूर्वजभाषेतून निघालेल्या आहेत. माशाला ‘काला’ आणि ‘हाल’, तीनला ‘कोल्मे’ आणि ‘हारोम’ असे शब्द त्यांत असून, आरंभीच्या ‘क’च्या जागी ‘ह’ येण्याची ही नियमितताच नात्याचा खरा पुरावा ठरते.

संयुक्त अरब अमिरातीतील मराठी कुटुंबांना अरबीत ओळखीचे वाटणारे ‘हिशेब’, ‘तारीख’, ‘वकील’ हे शब्द मात्र निराळ्या वाटेने आले: बहमनी व आदिलशाही दरबारांतील फारसीने ते मराठीत पोहोचवले, पण सर्वनामे आणि क्रियापदांची रूपे इंडो-आर्यच राहिली. उसना असला तरी हा वारसा मोलाचाच आहे.

पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आलेले ‘सरबत’ त्याच वारशातले. मद्यबंदी असलेल्या शारजात घरी मिश्रपेय करायचे झाल्यास पेल्याच्या तळाशी खजुराचा घट्ट पाक घालून त्यावर चमच्याच्या पाठीवरून आमसुलाचे गार पाणी हळूच ओतावे; पाकाची घनता अधिक असल्याने दोन थर काही काळ वेगळे राहतात, आणि पुदिना व चिमूटभर जिरेपूड घातल्यावर ते ढवळून प्यावे.