फळ्यासमोर बोलती बंद का होते?

लेखमाला : नोकरीच्या दाराशी (भाग ४)

गेल्या भागात ऑनलाइन चाचणी पाहिली. ती पार केलेली मुलं सर्वांत जास्त घाबरतात ती पुढच्या फेरीला. मुलाखत घेणारा समोर बसलेला असतो, हातात मार्कर असतो किंवा स्क्रीनवर रिकामा एडिटर, आणि पाऊण तासात कोड लिहून दाखवायचा असतो. घरी असे प्रश्न पटापट सोडवणारी मुलंही इथे ‘ब्लँक’ होतात. मग अभ्यास कमी पडला असं समजून लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावरचे आणखी शंभर प्रश्न सोडवायला बसतात. माझ्या मते पुष्कळदा दुखणं दुसरीकडेच असतं.

नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न घेऊ. आकड्यांची यादी दिली आहे : २, ७, ११, १५. बेरीज ९ होईल असे दोन आकडे शोधा. पहिला सुचणारा मार्ग म्हणजे प्रत्येक आकडा उरलेल्या प्रत्येकाशी जोडून पाहणं. यादी एक लाख आकड्यांची असेल, तर जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतील. दुसरा मार्ग असा : पुढे जाताना पाहिलेले आकडे हॅशमॅपमध्ये (झटकन शोध घेता येईल अशा साठ्यात) टाकत राहायचे आणि प्रत्येक ठिकाणी ‘९ मधून हा वजा केला तर उरणारा आकडा आधी येऊन गेला आहे का?’ एवढंच विचारायचं. यादीवरून एकदाच फिरलं की काम झालं. पहिल्यावरून दुसऱ्याकडे जायला मिनिट-दोन मिनिटांची शांतता लागते, आणि फळ्यासमोर नेमकी तीच मिळत नाही.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. संगणकशास्त्राचे ४८ विद्यार्थी घेतले. निम्म्यांनी मुलाखतकारासमोर, बोलत बोलत फळ्यावर उत्तर लिहिलं. उरलेल्यांना फळा आणि बंद खोली दिली, एकटं सोडलं आणि बोलत सोडवण्याची अट ठेवली नाही. मुलाखतकार समोर असलेल्या गटाची कामगिरी दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी भरली. मुलाखतकारासमोरच्या गटातल्या सगळ्या मुली नापास झाल्या, तर एकटीने सोडवणाऱ्या सगळ्या पास. संख्या लहान होती, त्यामुळे मुलींबद्दल ठाम निष्कर्ष काढता येत नाही, हे संशोधकांनीही सांगितलं. तरी मला हा निकाल फार अस्वस्थ करतो. ज्यांना ‘येत नाही’ म्हणून आपण घरी पाठवलं, त्यांतल्या किती जणांना खरं तर येत होतं?

आपल्याकडे यात इंग्रजीची भर पडते. मराठी माध्यमातून शिकून पुण्यात आलेला मुलगा तर्क मराठीत करतो, कोड लिहितो आणि त्याच वेळी इंग्रजी वाक्यही जुळवतो. वाक्य अडलं की तर्कही अडतो. अशा मुलांना माझं एकच सांगणं आहे : प्रश्न मुकाट्याने सोडवण्याचा सराव थोडा कमी करा आणि मित्राला समोर बसवून बोलत सोडवा. ‘मला दोन मिनिटं विचार करू द्या’ हे वाक्य इंग्रजीत तोंडात बसवून ठेवा. ते म्हटल्याने कोणी गुण कापत नाही. उलट गोंधळून काहीबाही बोलण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

नावाजलेल्यांनाही हे चुकलेलं नाही. मॅकवर प्रोग्रॅमर मंडळी सर्रास वापरतात त्या होमब्रू सॉफ्टवेअरचा कर्ता मॅक्स हॉवेल याला गुगलने नाकारलं. बायनरी ट्री फळ्यावर उलटा करता आला नाही म्हणून नाकारलं, असं त्याने २०१५ मध्ये ट्विटरवर संतापून लिहिलं. त्यावर पुष्कळ वाद झाला. मूलभूत गोष्टी यायलाच हव्यात हे मला मान्य आहे. पण वर्षानुवर्षं चालणारं काम समोर असताना त्याबद्दल खोदून विचारावं, हे अधिक शहाणपणाचं.

मुलाखती घेणारे काही वाचक ही लेखमाला वाचतात, म्हणून त्यांना विनंती. प्रश्न द्या, पंधरा मिनिटं खोलीबाहेर जा आणि परतल्यावर ‘हे असंच का केलं?’ असं विचारा. एआयच्या मदतीने नक्कल होईल ही भीती, विशेषतः ऑनलाइन मुलाखतीत, रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून लिहिलेल्या कोडमधली एक अट बदला : दोनऐवजी तीन आकड्यांची बेरीज मागा आणि काय बदलावं लागेल, कुठे वेळ वाढेल, यावर गप्पा मारा. स्वतः विचार केलेला उमेदवार तिथून पुढे बोलू लागतो. दुसऱ्याचं उतरवलेला पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.