कुंडलिकेचे उसने पाणी

मुंबई-गोवा महामार्गावरील कोलाड हे रायगड जिल्ह्यातील लहानसे गाव. कोकण रेल्वेने रोहा सोडले की पहिले स्थानक याच गावाचे. अलीकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळी येथे मुद्दाम उतरतात, नदीकाठच्या तंबूत रात्र काढतात आणि सकाळी रावळजे-साजे परिसरातून रबरी तराफ्यात बसून कुंडलिकेच्या खळाळातून दहा-बारा किलोमीटर खाली येतात. अंगात लाईफ जॅकेट, डोक्यावर शिरस्त्राण, हाती वल्हे, आणि मागे बसलेला वाटाड्या ओरडेल त्याप्रमाणे वल्हवणे, असा हा दोन-अडीच तासांचा खेळ आहे.

ऐन वैशाखात, कोकणातील बहुतेक नद्यांच्या पात्रांत नुसते धोंडे उरलेले असता, कुंडलिकेला पाणी येते कोठून, हा प्रश्न फार थोड्या पाहुण्यांना पडत असावा. त्याचे उत्तर घाटमाथ्यावर आहे. मुळा नदी स्वभावतः पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारी. टाटांनी मुळशी येथे धरण बांधून तिचे पाणी पश्चिमेकडे वळविले व सुमारे पाचशे मीटर खाली, सह्याद्रीच्या पायथ्याशी, भिरा येथे जनित्रांवर सोडले. भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. तेथून निघालेल्या पाण्यावर रावळजे येथे पुन्हा एकदा वीज निर्माण होते आणि मग ते नदीत येते. विजेचे वेळापत्रक तेच तराफ्यांचे वेळापत्रक; पाणी सुटले नाही तर त्या दिवशी खेळही नाही.

या पाण्याची किंमत मावळातील शेतकऱ्यांनी मोजली. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशीचा सत्याग्रह हा धरणाविरुद्धचा देशातील अगदी आरंभीचा संघटित लढा. तो हरला, आणि केवळ सरकार व कंपनी बलवान होती म्हणून हरला असे नाही. पेट्यातील बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांचे हक्क होते, आणि मोबदल्याची भाषा सुरू होताच त्यांच्यातील पुष्कळांचा कल तडजोडीकडे झुकला. कसणारा एक आणि मोबदला घेणारा दुसरा, हा प्रकार पुढे अनेक धरणांच्या बाबतीत दिसला. विस्थापितांच्या घामाची वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला मिळाली, एवढे तरी क्रमिक पुस्तकात सांगता येते. त्याच पाण्यावर शंभर वर्षांनी सहलीचा धंदा उभा राहील हे कोणत्याही नियोजनात नव्हते.

धंदा उभा राहिला हे मात्र चांगलेच झाले. नदी आणि तिचे खडक लहानपणापासून ओळखणाऱ्या मुलाला वाटाड्या म्हणून घराजवळ काम मिळणे, ही ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरविली तेथे क्षुल्लक गोष्ट नव्हे. तथापि नोंदणी शहरात आणि मजुरी गावात, अशी विभागणी राहिली, तर तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा आणि तंबूसाठी दिलेली जागा यांपलीकडे गावच्या पदरात फारसे पडणार नाही. ग्रामपंचायतीने आपला वाटा मागावा, आणि वाटाड्यांचे प्रशिक्षण व विमा यांवरही बोट ठेवावे.

याहून कठीण प्रश्न वेगळाच आहे. टंचाईच्या वर्षी भीमा खोऱ्यातून मागणी उठते, की हे पाणी मुळातले पूर्वेचे, ते पूर्वेलाच सोडा. मागणी न्याय्य आहे; वीज अन्य मार्गांनी मिळते, पिण्याचे पाणी मिळत नाही. पण दरम्यान खाली डोलवहाळ बंधाऱ्यावरून कालवे निघाले, धाटावची रासायनिक वसाहत उभी राहिली. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत कुंडलिकेचे नाव आले. वरून येणारा प्रवाह कमी झाला तर रोह्यापासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंतची मलिनता अधिकच गडद होईल. घाटावरील तहानेचा हिशोब मांडताना ही बाजूही त्याच वहीत लिहावी लागेल, आणि त्या बैठकीला कोलाड-रावळज्याच्या माणसाला बोलावणे गेल्याचे आजवर तरी ऐकिवात नाही.