बाविशीत गाठ पडलेला अडथळा

दिवाळी सरली की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आल्यावरच परततात. मधल्या काळात पोरांची शाळा बुडते. शाळेत टिकलेली मुलं पुढे पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी भल्या पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतात. स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे वीटभट्टी आणि वर्दी अशा याच दोन वाटांवरून वर आला.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आई-वडील शेतकरी, जोडीला वीटभट्टीवरची मजुरी. शाळा सहा किलोमीटर लांब, म्हणून पोरगं पळतच जाई. बारावीनंतर तो सैन्यात गेला तो घराला हातभार म्हणून. महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमधून सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. 2015 मध्ये तो सैन्याच्या क्रॉस कंट्रीत उतरला आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. तेव्हा तो बाविशीत होता. माझ्या मते त्याची सगळी कारकीर्द या उशिराच्या सुरुवातीतून वाचायला हवी.

कारण स्टीपलचेस ही शर्यत नुसत्या दमावर निभत नाही. 3000 मीटरमध्ये 28 अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. 110 मीटरच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला की कलंडतो, इथला 91.4 सेंटिमीटर उंचीचा लाकडी ओंडका जागचा हलत नाही. पाण्याच्या उडीला एक पाय ओंडक्यावर रोवून शरीर वर न उचलता पुढे ढकलायचं. खड्ड्याचा तळ उताराचा, ओंडक्याजवळ सर्वांत खोल. जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी आणि वेगही टिकतो. भिजलेल्या बुटांनी हे सात वेळा, तेही भोवती कोपरं मारणाऱ्या गर्दीत. लहानपणी अंगात मुरायला हवी अशी ही लय साबळे मोठेपणी शिकला.

तरीही 2018 मध्ये भुवनेश्वरला 8:29.80 वेळ देऊन त्याने गोपाल सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2019 च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत त्याची वाट अडली. भारताची हरकत मान्य झाली म्हणून तो अंतिम फेरीत आला आणि तिथे 8:21.37 धावून ऑलिंपिकची पात्रता घेऊन गेला. टोकियोत 8:18.12 हा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही प्राथमिक फेरीतच थांबावं लागलं.

मग बर्मिंगहॅम, 6 ऑगस्ट 2022. राष्ट्रकुल स्पर्धेत 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. साबळेने ती मक्तेदारी मोडली: 8:11.20, रौप्य. सुवर्ण जिंकणारा अब्राहम किबिवॉट 8:11.15. पाच शतांश सेकंद! पस्तीस अडथळ्यांपैकी एकावर पाऊल नीट बसलं असतं तर, हा विचार मला आजही सोडत नाही. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 8:19.50 वेळेत सुवर्ण, शिवाय 5000 मीटरचं रौप्य. जुलै 2024 मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये 8:09.91. म्हणजे सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद कापले. महिनाभराने पॅरिसलाच ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

2025 मध्ये गुमीला आशियाई विजेतेपद मिळवलं, पण जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीवरच तो पडला. गुडघ्याचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया झाली, जागतिक स्पर्धा हुकली.

ग्रामीण ठाण्यातल्या क्रीडा शिक्षकांनी ही कहाणी जिद्दीचा धडा म्हणून सांगून थांबू नये, असं मला कळकळीने वाटतं. सरावाला सिंथेटिक ट्रॅक लागतोच असं नाही. मातीच्या मैदानावर मुलांच्या उंचीला बेताचा लाकडी अडथळा आणि पुढे मऊ वाळूचा खड्डा गावचा सुतार आणि चार पालक मिळून करू शकतात. चौदाव्या वर्षी त्यावरून उडी मारणारी मुरबाडची मुलगी बाविशीत पोचेल तेव्हा तिच्या हाताशी आठ वर्षांचा सराव असेल.