लिहिताना पाच, ऐकताना तीन

पनवेल स्टेशनच्या फलकावर अक्षरे चार आहेत: प, न, वे, ल. बोलताना मात्र उच्चाराचे दोनच तुकडे पडतात, पन्-वेल्. 'करतो' लिहून 'कर्तो' म्हणायला मराठी मुलाला कोणी शिकवत नाही. फ्रेंच क्रियापदांची धास्ती घालवायला हीच सवय कामाची आहे.

अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुले क्रियापदांचे तक्ते घोकतात. 'पार्ले' म्हणजे बोलणे. वर्तमानकाळात त्याची लेखी रूपे पाच, कानाला ऐकू येणारी तीनच. मी, तू, तो आणि ते या चौघांनाही 'पार्ल'. आम्हीला 'पार्लों', तुम्हीला 'पार्ले'. 'तू'च्या रूपातला शेवटचा एस मुका, 'ते'च्या रूपातली ई-एन-टी ही तिन्ही अक्षरे मुकी. ही लॅटिन प्रत्ययांची खूण. आवाज झिजला, लेखन राहिले. मराठीने उलट केले. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी 'घरें', 'केलें' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. 'पार्लों'मधला अनुस्वार मात्र खरा आहे. तिथे 'न' म्हणायचा नाही, स्वरच नाकातून काढायचा, कोकणातली जुनी माणसे काढतात तसा.

तुकडे पाडायची रीत सोपी आहे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असले तर ते पुढच्या स्वराकडे जाते. दोन असली तर एक मागे, एक पुढे: पार्-लों. पण त, द, प, ब, क, ग, फ, व यांच्या पाठोपाठ र, किंवा प, ब, क, ग, फ यांच्या पाठोपाठ ल आला की जोडी फुटत नाही. म्हणून 'आत येणे' हे आँ-त्रे.

खरी गंमत 'विकत घेणे' या क्रियापदात आहे. 'आम्ही'चे रूप आश्-तों, मधला ए जवळजवळ गळालेला. 'तो'चे रूप आशेत. इथे शेवटचा स्वर मुका झाल्याने मधल्या ए ला पूर्ण आवाज मिळतो आणि लिहिताना त्याच्यावर तिरपी रेघ येते. मुलांना हा अपवाद वाटतो. पण 'समज' आणि 'समजा' म्हणून पाहा. पहिल्यात 'म'चा अ ठणठणीत, दुसऱ्यात तो गळून 'सम्जा' होते. पुढे स्वर आला की मधला गळतो, पुढचा गेला की मधला उभा राहतो. फ्रेंचमध्येही तेच घडते, फक्त तिथे लेखनही बदलते.

मुकी अक्षरे कायमची मुकी नसतात, हेही कानानेच कळते. 'तो प्रेम करतो' हे इ-लेम. 'ते प्रेम करतात' हे इल्-झेम. सर्वनामाचा मुका एस पुढे स्वर दिसताच झ होऊन बोलू लागतो, आणि एकवचन-अनेकवचनाचा सगळा भेद त्या एका झ वर तोललेला असतो. तो गाळला तर ऐकणाऱ्याला एकच माणूस कळेल.

फ्रेंच शिकवणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी सहाही रूपे वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घ्या, देवनागरीत पाय मोडून लिहू द्या, आणि स्पेलिंग त्यानंतर द्या.